ॲलर्जीची गोळी आणि प्रतिपिंडं: एकच रिसेप्टर, दोन उलटी उत्तरं

टायटरवाली (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

औषधशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण चालू आहे. प्रबंधाला विषय मिळालाय तो असा: ॲलर्जीवर देतात ते सेटिरिझिन प्राण्यांना दिलं, तर त्यांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होण्यावर काही परिणाम होतो का? सर म्हणाले, "सोपा आहे, सहा महिन्यांत उरकेल." तिथेच शंका यायला हवी होती.

ढोबळ आराखडा: रॅटचे तीन गट. एकाला नुसतं पाणी, एकाला सेटिरिझिन, एकाला सायक्लोफॉस्फामाइड (ते प्रतिकारशक्ती दाबतं हे ठाऊकच आहे, म्हणून तुलनेला). सगळ्यांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचायच्या, ठरावीक दिवसांनी रक्त काढायचं आणि टायटर बघायचा (रक्तातलं पाणी किती पातळ करत नेलं तरी प्रतिपिंडं दिसतात, तो आकडा).

वाचायला बसले आणि अडकले. १९९९ मधला बानू आणि वातानाबे यांचा पेपर. एचवन रिसेप्टरचं (हिस्टामाइन ज्यावर बसतं त्या पेशीवरच्या ग्राहकाचं) जनुकच काढून टाकलेले उंदीर. त्यांच्या बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या) चेतवल्या तरी पुरेशा वाढत नाहीत, टीएनपी-फायकॉल टोचलं तर प्रतिपिंडं कमी. म्हटलं, झालं काम! सेटिरिझिन एचवनच अडवतं, तेव्हा प्रतिपिंडं घटणार. मग हाती आला युटेल आणि सहकाऱ्यांचा 'नेचर'मधला २००१ चा पेपर. तिथेही एचवन नसलेलेच उंदीर, आणि प्रतिपिंडं चक्क जास्त. प्रतिपिंडांचे वर्ग एकेक करून पाहिले तर आयजीई जास्त, आयजीजी१, २बी, ३ सगळी जास्त.

आता गृहीतकात "घटतील" लिहू की "वाढतील"?

काडेपेटी (सोमवार, रात्री ११:३०)

ताई, स्वागत. आयुष्य प्लेटा वाचण्यात गेलं, म्हणून बोलतो.

दोन्ही पेपर खरे आहेत. भांडण तुमच्या "प्रतिपिंडं" या एका शब्दात आहे.

टीएनपी-फायकॉल हा टी पेशींच्या (बी पेशींच्या मदतनीस पेशींच्या) मदतीशिवाय चालणारा प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडं जागवणारा परका पदार्थ. फायकॉल म्हणजे साखरेची लांबच लांब साखळी, तिच्यावर टीएनपीचे तेच ते तुकडे टांगलेले. बी पेशीच्या अंगावरचे कितीतरी ग्राहक ती एकाच वेळी ओढते आणि बी पेशी कुणाला न विचारता कामाला लागते. म्हणजे त्या प्रयोगात बी पेशीची स्वतःची धमक मोजली गेली. एचवन नसेल तर ती धमक कमी पडते.

युटेल वगैरेंनी टी पेशींकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं असं, की हिस्टामाइन एचवनमधून टीएच१ प्रतिसादाला जोर देतं, आणि एचटू या दुसऱ्या ग्राहकातून टीएच१ आणि टीएच२ (मदतनीस टी पेशींचे दोन प्रकार) दोघांनाही आवरतं. एचवन काढलं की टीएच१ चं संदेशवाहक इंटरफेरॉन-गॅमा खाली येतं, टीएच२ चे आयएल-४ आणि आयएल-१३ वरचढ होतात. आयएल-४ वाढलं की बी पेशी आयजीजी१ आणि आयजीईकडे वळते. उंदरात हा हिशोब ठरलेला आहे.

आणि एक बारीक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय. ते "जास्त" कुणापेक्षा जास्त? सारांश पुन्हा वाचा. तुलना एचटू नसलेल्या उंदरांशी केलीय.

मेंढीच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनायला टी पेशींची मदत लागते, तेव्हा तुमचा प्रयोग दुसऱ्या पेपरच्या जवळ जातो. पण तुमच्या रॅटकडे रिसेप्टर असणार आहे, तुम्ही तो दिवसातले काही तास झाकणार आहात. जन्मापासून रिसेप्टर नसणं वेगळं आणि सकाळी गोळी घेणं वेगळं.

शिंकेश्वर (मंगळवार, सकाळी ७:०५)

निम्मं डोक्यावरून गेलं, पण पोटात गोळा आला. मी वर्षातले चार महिने सेटिरिझिनवर असतो. एक: ही गोळी घेऊन माझी प्रतिकारशक्ती कमी होतेय का? दोन: लस घेताना बंद करायची का? तीन: ॲलर्जी करणारं ते आयजीई म्हणे गोळीने वाढतं? मग घेतो कशाला मी ती!

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ७:४०)

शिंकेश्वर महाराज, चहा घ्या आधी.

ॲलर्जीत काय होतं, तर मास्ट पेशींवर आयजीई चिकटून बसलेलं असतं. परागकण आला, आयजीईला भिडला, की पेशी फुटल्यासारखी होऊन हिस्टामाइन बाहेर टाकते. ते रक्तवाहिन्यांवरच्या आणि चेतातंतूंवरच्या एचवनवर जाऊन बसलं की खाज, शिंका, पाणी. गोळी काम करते ती या शेवटच्या पायरीवर. आयजीई होतं तिथेच असतं. म्हणूनच त्वचेवर टोचून करायच्या ॲलर्जी चाचणीआधी काही दिवस गोळी बंद करायला सांगतात, नाहीतर गांध उठतच नाही. रक्तातलं आयजीई मोजायचं असेल तर गोळी बंद करावी लागत नाही. या दोन सूचना शेजारी ठेवल्या की तुमच्या तिसऱ्या प्रश्नाची हवा जाते.

पहिल्या दोघांचं उत्तर: नेहमीच्या डोसातली ॲलर्जीची गोळी स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांत मोडत नाही, आणि रोजची चालू असेल तर लसीसाठी बंद करायची गरज नसते. उलट लसीची रिॲक्शन येऊ नये म्हणून मुद्दाम आधी घेण्यातही अर्थ नाही. मोठी रिॲक्शन ती रोखत नाही, सुरुवातीची लक्षणं मात्र झाकू शकते.

उंदरातलं आयजीई उंदरापाशी राहू द्या.

शिंकेश्वर (मंगळवार, सकाळी ७:५२)

घेतला चहा. आता बरं वाटतंय. वाचतोय, थांबू नका.

शशकर्ण (मंगळवार, दुपारी १:१५)

प्राणीगृहाकडून एक प्रश्न. टायटरवाली, "एकाला नुसतं पाणी" असं लिहिलंयस. ते बाटलीत देणार की नळीने थेट पोटात?

विचारतोय कारण हे डोळ्यांनी पाहिलंय. कुठे आणि कुणाचं ते सोडा. पहिल्या पिढीतलं, झोप आणणारं ॲलर्जीचं औषध होतं. औषधाच्या गटाला रोज नळीने डोस. नळी घालणारा मुलगा नवा, हात थरथरायचा, रॅट किंचाळायचे. कंट्रोलच्या (औषध न दिलेल्या गटाच्या) पिंजऱ्यांना कुणी हातही लावत नव्हतं, ते आपले बाटलीचं पाणी पिऊन निवांत. शेवटी औषधाच्या गटाचा टायटर खाली आला. सगळे खूश, औषधाने प्रतिपिंडं घटवली!

मी वजनांची वही उघडली. औषधाच्या पिंजऱ्यांतली वजनं दुसऱ्या आठवड्यापासून जागच्या जागी. कंट्रोलची भराभर वाढलेली. खाद्याची जाळी बघावी तर औषधाकडे अर्धी भरलेली. प्राणी गुंगीत होते, खात नव्हते, आणि रोज सकाळी जिवाच्या भीतीने कॉर्टिकोस्टेरॉन चढत होतं. कॉर्टिकोस्टेरॉन म्हणजे रॅटच्या घरचं स्टेरॉइड. प्रतिपिंडं त्याने घटली, उपासमारीने घटली की औषधाने? सांगणार कोण? सगळी मेहनत पाण्यात.

तेव्हा कंट्रोललाही नळी. त्याच हाताने, त्याच वेळी, औषध ज्यात विरघळवलं तेच द्रावण, तेवढंच. सुरुवातीचा आठवडाभर नुसती हाताळायची सवय करा. आणि वजन रोज लिहा. सेटिरिझिन मेंदूत कमी जातं म्हणून गुंगी कमी, पण मोठ्या डोसाला तेही खात्रीचं नाही.

टायटरवाली (मंगळवार, रात्री ९:०३)

शशकर्ण, खरं सांगू? बाटलीतच देणार होते. :(

डोसाचंही विचारते. एका पेपरात ५० मिलीग्रॅम प्रतिकिलो दिसला, दुसरीकडे १. कसं ठरवायचं?

शून्यगृहीतक (मंगळवार, रात्री ९:४४)

अंगाच्या पृष्ठभागावरून काढा. माणूस १० मिलीग्रॅम घेतो, ६० किलोचा धरला तर किलोमागे ०.१७. छोट्या उंदरासाठी याला १२.३ ने गुणा, येतात सुमारे २ मिलीग्रॅम प्रतिकिलो. रॅटसाठी ६.२ ने, म्हणजे साधारण १. सशासाठी ३.१ ने, अर्धा. ५० म्हणजे रॅटसाठी माणसाच्या डोसाच्या ५० पट. तिथे जे दिसेल ते एचवनचंच असेल याची हमी नाही.

काडेपेटी (मंगळवार, रात्री १०:२०)

शून्यगृहीतक यांच्याशी निम्मा सहमत. गणित बरोबर, पण रॅट औषध आपल्यापेक्षा लवकर बाहेर टाकतो. दिवसातून एकदा १ मिलीग्रॅम दिलं तर रिसेप्टर दिवसभर झाकलेला राहील असं समजू नका. मी १ आणि १० असे दोन डोस घेईन, आणि डोस खरंच पोचतोय का ते आधी दोन-तीन प्राण्यांत बघेन. कातडीत हिस्टामाइन टोचायचं, औषधाने सूज अडते का पाहायचं. हे न करता महिनोन्महिने औषध पाजणारे लोक पाहिलेत.

मोठ्या डोसाबद्दल मात्र ते म्हणतात ते सोळा आणे खरं. ही बहुतेक औषधं जास्त मात्रेत पेशींच्या पडद्यात आणि लायसोसोममध्ये साठतात आणि तिथे भलतेच उद्योग करतात. बशीतल्या पेशींवर तर फार जपून. मायक्रोमोलरचे आकडे वाढवत नेले की प्रतिपिंडं घटतातच, कारण पेशी मेलेल्या असतात.

रात्रपाळी (मंगळवार, रात्री १०:४१)

रॅटच का पण? रॅट आणि उंदीर हिस्टामाइनला मुळात फारशी दाद देत नाहीत, त्यांच्या मास्ट पेशींत सेरोटोनिनही असतं. हिस्टामाइनसाठी गिनीपिग. त्याला थोडं हिस्टामाइन दिलं तरी श्वासनळ्या आवळतात.

काडेपेटी (मंगळवार, रात्री १०:५८)

श्वासनळ्या मोजायच्या असत्या तर गिनीपिगच. इथे प्रतिपिंडं मोजायचीत, आणि उंदराच्या लिंफोसाइटवर (बी आणि टी पेशींवर) हिस्टामाइनचे रिसेप्टर आहेत हे वरचे दोन्ही पेपर सांगतात.

तुम्ही म्हणता त्या बधिरपणाचा किस्सा मात्र छान आहे. डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष दिलं की काही जातींचे उंदीर अचानक हिस्टामाइनने मरायला लागतात, काही जातींचे नाही. कुठलं जनुक हे ठरवतं याचा बरीच वर्षं शोध चालला. २००२ मध्ये 'सायन्स'मध्ये उत्तर आलं: ते एचवन रिसेप्टरचंच जनुक निघालं. म्हणजे जात बदलली की रिसेप्टरचं वागणं बदलतं. ताई, प्रबंधात "उंदीर" एवढंच लिहून चालणार नाही, जात लिहा.

जातीवरून आठवलं. पुढेमागे उंदरांवर गेलात आणि सी५७ब्लॅक६ घेतले, तर आयजीजी२ए मोजण्याचं किट मागवू नका. त्या जातीत आयजीजी२एचं जनुक नाही, तिथे आयजीजी२सी असतं. चुकीच्या किटने फसवा आकडा येतो आणि लोक लिहून मोकळे होतात, "औषधाने टीएच१ दाबलं."

टायटरवाली (बुधवार, रात्री ८:३०)

जात लिहून घेतली. आता टायटरचं सांगा, काका. सीनियर म्हणतो "प्लेट बघ, कळतं." मला कळत नाही.

काडेपेटी (बुधवार, रात्री ११:०५)

जेवण करून निवांत लिहितोय.

सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) आधी ५६ अंशांवर ३० मिनिटं, म्हणजे कॉम्प्लिमेंट (पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) मरतं. नाहीतर पेशी चिकटायच्या ऐवजी फुटतात आणि खळगा नुसता लाल पाण्याचा दिसतो. मेंढीचं रक्त ते टिकवणाऱ्या आल्सेव्हरच्या द्रावणात आलेलं असतं, त्यातल्या पेशी सलाइनने तीनदा धुवा. वरचं पाणी तिसऱ्यांदाही गुलाबी असेल तर ते रक्त शिळं झालंय, टाका.

९६ खळग्यांची गोल बुडाची प्लेट. पहिल्या खळग्यात १:२, मग प्रत्येक पुढच्यात निम्मं करत जायचं. बाराव्याला १:४०९६. सगळ्यांत सारख्या पेशी घालायच्या, हलकेच हलवायचं, झाकायचं, आणि मग हात लावायचा नाही. टेबलाला धक्का नाही. शेजारी सेंट्रिफ्यूज फिरत असेल तर दुसरं टेबल शोधा.

काही तासांनी वरून बघा. जिथे प्रतिपिंडं नाहीत तिथे पेशी घरंगळून मधोमध जमतात, लाल टपोरं बटण. कडा रेखीव. जिथे प्रतिपिंडं आहेत तिथे पेशी एकमेकींचे हात धरून जाळं करतात आणि बुडावर गालिचा पसरतो, फिका, कडा विस्कटलेल्या. गालिचा शेवटचा ज्या खळग्यात दिसतो तो तुमचा टायटर. गोची होते मधल्या एका खळग्यात. तिथे ना धड बटण ना धड गालिचा, मध्ये भोक असलेलं लाल कडं. शंका आली तर प्लेट तिरकी करा. बटण अश्रूसारखं ओघळतं, गालिचा हलत नाही.

आता मुख्य. पेशी चिकटवण्यात आयजीएम, म्हणजे आधी बनणारा प्रतिपिंडांचा वर्ग, हा पैलवान आहे. पाच जुळ्यांचा मिळून एक रेणू, दहा हात. आयजीजीला दोनच. त्यामुळे नुसता टायटर पाहिला तर आयजीएमच बोलतं आणि आयजीजीत काही घडलं तर ते त्याच्या आवाजात बुडून जातं. औषधाचा डाव वर्ग बदलण्यावर असेल, म्हणजे आयएल-४ वगैरे, तर तुम्हाला तो दिसणारच नाही. म्हणून प्रत्येक सीरमच्या दोन ओळी लावा. एक साधी. दुसरीत सीरमला आधी मर्कॅप्टोइथेनॉल. ते आयजीएमचे गंधकाचे सांधे तोडतं, पैलवान गळतो, उरतो तो बहुतांशी आयजीजीचा टायटर. वास सडक्या अंड्याचा येतो, धूर ओढणाऱ्या कपाटातच करा. आमच्याकडे एकाने उघड्यावर केलं, संध्याकाळपर्यंत मजल्यावर कुणी फिरकलं नाही.

आणि दिवस निवडा. पहिल्या टोचणीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी प्लीहेत आयजीएम सोडणाऱ्या पेशी जोरात असतात, आयजीजी मागाहून चढतं. एकाच दिवशी रक्त काढलं तर "उशीर झाला" आणि "कमी झालं" यातला फरक कळत नाही.

शून्यगृहीतक (बुधवार, रात्री ११:३१)

दंडवत. एक जोड: ६४ आणि १२८ यांत एका खळग्याचा फरक आहे, आणि एक खळगा इकडे-तिकडे हा पद्धतीचाच दोष आहे. "औषधाने प्रतिपिंडं निम्मी केली" असं वाक्य दिसलं की आधी विचारा, निम्मी म्हणजे एक खळगा का? टायटरची सरळ सरासरी काढू नका. दोनाच्या पायावरचा लॉग घ्या, त्याची काढा. आणि प्लेट वाचणाऱ्याला कुठला प्राणी कुठल्या गटातला हे माहीत नसावं. त्या कड्याच्या खळग्यात माणूस हवं ते बघतो.

शिंकेश्वर (गुरुवार, सकाळी ७:१०)

बटण आणि गालिचा वाचून मजा आली. पण मनात आलं ते विचारतोच, राग नसावा. एवढे प्राणी लागतातच का? बशीत पेशी वाढवून होत नाही?

शशकर्ण (गुरुवार, दुपारी १२:५०)

राग कसला, हा प्रश्न नैतिक समितीही विचारते. बी पेशी, टी पेशी, प्लीहेतली त्यांची गाठभेट आणि मास्ट पेशी हे सगळं एकत्र बशीत जमवणं कठीण आहे. म्हणून प्राणी. पण रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी सांगून ठेवल्यात: पर्याय असेल तर प्राणी नको, असलेच तर कमीत कमी, आणि त्यांना त्रास कमीत कमी. मी वर सांगितलेल्या त्या फसलेल्या प्रयोगात मला टायटरपेक्षा जास्त हेच लागलं होतं. इतके प्राणी गेले आणि हाती उत्तर नाही.

रात्रपाळी (गुरुवार, रात्री १०:१५)

आयजीईचं काय करणार? मेंढीच्या पेशींच्या टायटरमध्ये ते दिसणार नाही, आणि ॲलर्जीचं औषध म्हटल्यावर परीक्षक तेच विचारणार.

काडेपेटी (गुरुवार, रात्री १०:४७)

खरंय. अंड्यातलं ओव्हल्ब्युमिन तुरटीच्या जातीच्या ॲल्युमिनियम क्षाराबरोबर टोचलं की उंदीर आयजीई छान बनवतात. मोजायला एलायझा, म्हणजे रंगाच्या तीव्रतेवरून प्रतिपिंडं मोजणारी चाचणी.

निळ्या डागाच्या जुन्या पद्धतीकडे मात्र डोळे उघडे ठेवून जा. एका प्राण्याचं सीरम दुसऱ्याच्या कातडीत टोचायचं, दिवसभर थांबायचं म्हणजे आयजीई मास्ट पेशींना चिकटतं, मग शिरेतून प्रतिजन आणि इव्हान्स ब्लू रंग. अर्ध्या तासात कातडीवर निळा डाग, डाग जितका मोठा तितकं आयजीई. आता समजा, घाईत कुणी हे औषध चालू असलेल्या प्राण्याच्याच कातडीवर केलं. डाग उठणार नाही किंवा लहान उठेल. आयजीई असेल, मास्ट पेशी फुटलीही असेल, पण रक्तवाहिनीवरचा एचवन झाकलेला असल्याने रंग बाहेर कमी झिरपेल. शिंकेश्वरांच्या त्वचाचाचणीचंच हे भावंड. आणि कागदावर लिहिलं जातं, "औषधाने आयजीई घटवलं."

टायटरवाली (शुक्रवार, रात्री ९:२०)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज सरांपुढे नवा आराखडा ठेवला. नळी सगळ्या गटांना, वजन रोज, डोस १ आणि १०, आधी कातडीतल्या हिस्टामाइनची परीक्षा, रक्त तीन वेगळ्या दिवशी, प्रत्येक सीरमच्या दोन ओळी, आणि प्लेट माझी मैत्रीण वाचणार, तिला गट माहीत नसतील. गृहीतकात "घटतील"ही नाही, "वाढतील"ही नाही. "आयजीएम आणि आयजीजी यांवर वेगवेगळा परिणाम होतो का" एवढंच लिहिलं. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सहा महिन्यांत नाही व्हायचं."

मेंढीचं रक्त सोमवारी मागवतेय. आणखी काही?

काडेपेटी (शुक्रवार, रात्री ९:४८)

हो. दर वेळी त्याच मेंढीचं मागवा. मेंढ्या बदलल्या की पेशी बदलतात, आणि मग दुसऱ्या टोचणीचा टायटर का घसरला याचा शोध तुम्ही सेटिरिझिनमध्ये घेत बसाल. बाटलीवर मेंढीचा क्रमांक असेल तर तो वहीत उतरवून घ्या.

शिंकेश्वर (शुक्रवार, रात्री ९:५५)

मेंढीला नाव ठेवा राव, क्रमांक काय!